माशांचा जिना

आमच्या गावाखाली भीमेवर जो बंधारा आहे, त्याच्या गावाकडच्या टोकाला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. खालच्या पाण्यातून निघतात, एक वळसा घेतात आणि वरच्या पाण्याला जाऊन भिडतात. नवा माणूस विचारतो, घाट बांधायला घेतला होता का, आणि मग अर्धाच का सोडला. आमच्यातलं कुणीतरी सांगतं की हा माणसांचा नाही, माशांचा जिना आहे. माणूस हसतो. मासे चपला काढून चढतात का तसेच, असं एका पाहुण्यानं मला तोंडावर विचारलं होतं. 

जिना बांधलाय चांगला. अजून सिमेंटला चीर गेलेली नाही. फक्त त्यावरून आजवर एक मासा चढला नाही. आणि तो तिथं बांधला गेला तो माझ्यामुळं. मी बोट दाखवलं, तिथं बांधला. गावात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्या समोर कुणी बोलत नाही. म्हणून मीच लिहायला बसलो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. लिहायला वेळ लागतो, पण जे लिहितो ते कुणाला विचारून लिहीत नाही.

आमचा मुलूख कोरडा. आमच्याकडं पाऊस पडून नदीला पाणी येत नाही, पाणी येतं वरून. वरचं धरण झाल्यापासून भीमेचं पाणी तिथंच अडतं, पण नीरा नदी त्या धरणाच्या खाली येऊन मिळते, तिचं नवं पाणी मृगाच्या शेवटाला, नाहीतर आर्द्रात आमच्यापर्यंत पोचतं. तांबूस, गढूळ, त्याला दूरच्या मातीचा वास. त्या वासावर मासळी उलटी निघते. वर्षभर खालच्या डोहात पडून असलेली कोळशी, शिंगटा, वाम, सगळी खालून वर चालायला लागते. पोटं अंड्यांनी टच्च झालेली. गावाच्या वर एक ओढा नदीला मिळतो. त्याच्या तोंडाशी गुडघाभर पाणी आणि खाली बारीक खडी. तिथं जाऊन ती अंडी टाकते आणि रिकाम्या पोटानं परत उतरते. ह्याला आम्ही चढण म्हणतो.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारी माणसं. नदी आम्ही घराघरांत वाटून घेतलेली होती. प्रत्येक घराचं एक थळ, म्हणजे मासळी धरायची ठरलेली जागा, आणि तिथं काठावर शेंदूर लावलेला एक धोंडा. आमचं थळ पहिलं. गावाकडच्या काठाला काळ्या खडकाचा एक खडप पाण्यात उतरलाय, त्याच्या पायथ्याशी. चढणीची मासळी सगळ्यात आधी तिथं लागायची, म्हणून आमच्या घराचा मान पहिला. चढण लागली की नऊ दिवस जाळं पाण्यात पडत नसे. जाळी लिंबाला टांगून ठेवायची, बायकासुद्धा ती धुवायला घेत नसत. सरकारची पावसाळी बंदी मागाहून आली. आमच्याकडं ती आधीपासून होती, तिला फक्त शिक्का नव्हता. नऊ दिवसांनी पहिलं जाळं टाकायचं ते आमच्या घरानं, आणि वर्षभर नदीच्या कामात शब्द चालायचा तो आमच्या घराचा.

मासळी लागली हे कसं कळायचं, तर घरातल्या कर्त्या माणसानं सकाळी आपल्या थळात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. मासळी आली की ती पोटरीला घासून जाते. गार, गुळगुळीत, आणि एकामागून एक. ज्याच्या पोटरीला एकदा ती घासून गेलीय तो मरेपर्यंत ते विसरत नाही. मग वर यायचं आणि लिंबाखाली बसलेल्या लोकांना सांगायचं, लागली. बस, एवढंच. कुणी खातरजमा करायला पाण्यात उतरत नसे. दुसऱ्याच्या थळाबद्दल तोंड उघडायचं नाही, हा आमच्यातला सगळ्यात मोठा नेम. आपल्या थळाचं खरंखोटं ज्यानं त्यानं सांगायचं. आणि ओळीनं तीन चढणी ज्याच्या थळाला मासळी लागली नाही, त्यानं आपल्या हातानं आपला धोंडा उचलायचा आणि सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. माझ्या हयातीत दोन घरांनी असा धोंडा उचलला. मी पाहिलंय. तो माणूस नंतर लिंबाखाली बसला तरी पहिल्यासारखा बसत नाही.

मग आमच्या खडपाच्या जरा वर बंधारा झाला. बंधाऱ्याचा ओटा पुरुषभर उंच. पावसाळ्याच्या तोंडाला बर्गे काढायचे असतात, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांत उभे लावलेले लोखंडी पत्रे, पण निम्मे गंजून जागच्या जागी बसले, ते कोण काढणार. अलीकडच्या अंगाला गाळ साचत गेला आणि पाण्याची धार पलीकडच्या काठाला सरकली. मासळीला गाव कळत नाही, तिला धार कळते. ती पलीकडून जायला लागली. तिकडं कडेचा एक गाळा फुटला होता, त्याच्या फटीतून ती कशीबशी वर निसटायची.

बंधाऱ्यानंतरच्या पहिल्या चढणीला मी माझ्या थळात उभा राहिलो. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. पोटरीला प्लास्टिकची पिशवी लागली, गवत लागलं. मासा लागला नाही. मी वर आलो. सगळे बघत होते. माझा बाप जाऊन दोनच वर्षं झाली होती. मी म्हणालो, लागली.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मी भाकरी मागितली. बायकोनं ताट वाढलं आणि माझ्याकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, मासळी लागून आल्यावर तुम्ही दिवसभर बोलत असता, जेवायची शुद्ध नसते. तिला तेव्हाच कळलं. पुढच्या वर्षीही मी म्हणालो, लागली. तिसऱ्या वर्षी तर मला ते बोलायला काहीच वाटलं नाही. पुढं किती वर्षं गेली ते सांगत बसत नाही.

हे सोडलं तर मी नदीशी वाकडा वागलो नाही, हे कुणालाही विचारा. मच्छीमार सोसायटीनं मला बंदीच्या दिवसांतला राखणदार केलं. हातात काठी घेऊन मी काठ तुडवायचो. वडाप नावाचं एक जाळं असतं, त्याचा आस, म्हणजे भोक, इतका बारीक की बोटाएवढं पिलूसुद्धा सुटत नाही, तळ खरवडून निघतो. माझ्या सख्ख्या पुतण्याकडं ते सापडलं. भर लिंबाखाली सगळ्यांसमोर मी ते जाळलं. पुतण्या जाळाकडं बघत होता. तेव्हापासून त्याच्या घरी मला पाण्याचा तांब्या पुढं होत नाही. मी त्याची फिकीर केली नाही. भरल्या पोटाचा मासा मी जन्मात खाल्ला नाही, कुणाला खाऊ दिला नाही.

आणि एका वैशाखात सोलापूरच्या सरकारी ऑफिसातून एक बाई आल्या.

तरुण होत्या, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. जुळे सोलापुरात राहायच्या. उन्हानं तोंड लाल झालेलं. बरोबर दोन माणसं आणि गुंडाळलेला नकाशा. लिंबाखाली सगळी सोसायटी जमली. त्यांनी सांगितलं की बंधाऱ्यामुळं मासळी अडते, वर जाऊन अंडी घालता येत नाहीत, म्हणून बंधाऱ्याच्या कडेनं पायऱ्या करायच्या, त्यातून पाणी सोडायचं, आणि मासळी एकेक पायरी चढून वर जाईल. हा पहिला. हा चालला तर खालच्या सगळ्या बंधाऱ्यांना असाच करायचा. आजवर नदीवर खूप साहेब आले, पाणी मोजून गेले, वाळू मोजून गेले. मासळीची वाट विचारायला आलेला पहिला माणूस ह्याच. मला त्यांचं कौतुक वाटलं. हेही खरं.

त्यांनी विचारलं, "मासे कुठल्या काठानं चढतात?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पहिलं थळ माझं, राखणदार मी. मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, कडेला बसून काडीनं मातीत रेघा ओढत होता. त्याचं थळ पलीकडच्या काठाला. मासळी बंधाऱ्यापाशी कशी येते, फुटक्या गाळ्यातून कशी निसटते, हे तो दर वर्षी बघायचा. तो रेघा ओढतच राहिला.

मी उभा राहिलो आणि काळ्या खडपाकडं बोट केलं. "अलीकडच्या. त्या खडपाच्या बुडाशी."

बाईंनी नकाशा उलगडला. म्हणाल्या, "मला नकाशावरून पलीकडचा काठ वाटत होता. धार तिकडं दिसते."

"नकाशा कदी पाण्यात उभा ऱ्हायलाय का, बाई?"

लोक हसले. बाईही हसल्या. ते हसणं मला गोड लागलं, खोटं कशाला सांगू. बाईंनी पेन्सिलनं नकाशावर अलीकडच्या टोकाला एक फुली मारली. ठेकेदाराचा माणूसही खूश झाला, अलीकडं गाडीची वाट होती, खडी-सिमेंट उतरवायला सोपं.

त्यांची माणसं माप घ्यायला बंधाऱ्यावर गेली, बाईंना मी चहाला घरी नेलं. त्या ओट्यावर टेकल्या, माझ्या पायाच्या भेगा, जाळ्यानं कापलेली बोटं बघत होत्या. चहा घेताना म्हणाल्या की जिना झाला की पलीकडचा तो फुटका गाळाही बुजवून घेणार, पाणी फुकट जातं म्हणून शेतकऱ्यांची तक्रार आहे, एकाच कामात दोन्ही होतील. चुलीपाशी बायकोच्या हातातली सांडशी थांबली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

बाईंनी नकाशा गुंडाळला. मग म्हणाल्या, "बाबा, हे एकदाच होणार. चुकलं तर परत काही मिळायचं नाही. तुमची खात्री आहे ना?"

तो एक क्षण मला होता. घरात फक्त आम्ही तिघं. सोसायटी नाही, मेव्हणा नाही, हसणारं कुणी नाही. मी नुसतं म्हणायचं होतं की बाई, माझं थळ मेलंय, मासळी तिकडून जाते. त्यांनी फुली पुसली असती आणि तिकडं मारली असती. पेन्सिलीचीच होती.

मी म्हणालो, "माझ्या बापानं दावल्याली जागा हाय. शंका आसंल तर दुसऱ्याला इचारा."

"नाही, शंका नाही," त्या म्हणाल्या, आणि कप खाली ठेवून उठल्या.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"अवो, जावा की मागनं. आजून येशीपतूर बी गेली नसंल गाडी."

मी वाकून पायताण शोधायला लागलो.

"त्यो गाळा बुजवल्यावर कुटनं जायाची मासळी? तुमच्या पोटरीला शेवटचा मासा कदी लागला, सांगा मला."

मी पायताण घालून बाहेर पडलो आणि नदीवर जाऊन बसलो. मनाशी म्हणत होतो, पाणी आहे, फिरेल. पायऱ्यांवरून पाणी पडायला लागलं की धार इकडं वळेल. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

पुढच्या पावसाळ्याच्या आत काम झालं. नारळ फुटला. पलीकडच्या फुटक्या गाळ्यात सळ्या टाकून काँक्रीट ओतलं, घट्ट. मेव्हणा नारळाला आला होता, पण खोबरं घेतलं नाही.

आर्द्रात नवं पाणी आलं. त्या सकाळी मी जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो, पाण्यात, पहिल्यासारखा. पायऱ्यांवरून पाणी येत होतं, चांगलं येत होतं, खळखळ वाजत होतं. शेवाळाचा एक तुकडा खाली आला. एक बेडूक दुसऱ्या पायरीवर बसला होता, तो तिथंच बसून राहिला. मी वाट बघितली. दुपार कलायला लागली तसा पलीकडून आवाज यायला लागला. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. आधी एकेक, मग सारखा. मला कळलं. मी बंधाऱ्यावरून चालत पलीकडं गेलो.

तिकडं जे बघितलं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही. बुजवलेल्या गाळ्याच्या खाली पाणी दिसत नव्हतं, पाठी दिसत होत्या. कोळशीच्या काळ्या पाठी, शिंगट्याच्या मिशा, आणि त्यांच्यातून वळवळत पुढं घुसणाऱ्या वामी. एक उसळी मारायची, ओट्याला आपटायची, खाली पडायची, परत मारायची. तोंडं फुटून रक्त आलेलं. खवले भिंतीला चिकटलेले. आणि आपटून आपटून पोटातली अंडी तिथंच सुटत होती, खसखशीएवढी, पिवळी, सिमेंटवरून ओघळत होती. वर ओढ्याच्या खडीवर पडायची ती अंडी. आधी फुटक्या फटीतून निम्मी तरी जायची. आता वाटच नव्हती. ती वाट मी बुजवली होती, आणि जिथं दार केलं होतं तिथं बेडूक बसला होता.

थोड्या वेळात माणसं आली. दोन्ही काठांची. पोती, मच्छरदाण्या, सिमेंटची रिकामी बारदानं, काठ्या. मी काठी उगारून आडवा झालो. बंदी हाय, म्हणालो, एकाला बी हात लावू देणार न्हाय. एक जण माझ्या बगलेखालून वाकून पुढं गेला आणि म्हणाला, आमी कुटं धरतोय तात्या, पडल्याली उचलतोय. दुसरा पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाला, "तुमचा जिना रिकामा हाय की. मासळीला तिकडचा पत्ता द्या." ह्यावर कुणी हसलं नाही, सगळे घाईत होते. माझी काठी मी कुणावर चालवली नाही. चालवायला तोंड नव्हतं.

मेव्हणा घमेलं घेऊन आला.  खाली उतरला, घमेल्यात पाणी घेतलं, दोन्ही हातांनी मासे त्यात घातले, बंधाऱ्यावर चढला आणि वरच्या पाण्यात सोडून आला. परत उतरला. मग मी काठी टाकली आणि त्याच्या घरून दुसरं घमेलं आणलं. बायको कधी आली ते कळलं नाही, पदर खोचून ती वरच्या काठाला उभी राहिली आणि आमच्या हातांतून घेत राहिली. एका बाजूला पोती भरत होती, एका बाजूला आम्ही तिघं. दिवस बुडेपर्यंत. वर सोडलेल्यांतली बरीच उताणी होऊन परत खाली येत होती. काही जात होती.

शेवटी काठावर बसलो. मेव्हण्याच्या हाताला शिंगट्याचे काटे बसले होते, तो ते दातानं ओढत होता. मी विचारलं, "तुला ठावं हुतं. त्या दिशी का न्हाय बोलला?"

"थळ तुमचं हुतं, दाजी. मी कसा बोलू?"

एक काटा थुंकला आणि म्हणाला, "आन्‌ बोललो आसतो, तर तुमी मला पुन्यांदा लिंबाखाली बसू दिलं आसतं?"

नसतं दिलं. त्याला ठाऊक होतं.

बाई आल्या त्या चार दिवसांनी. तोवर पलीकडं काही उरलं नव्हतं, कावळे, घारी आणि वास. बंधाऱ्यावरून पाणी चढलं होतं, त्यामुळं त्यांना पलीकडं जाता आलं नाही. त्या जिन्याशी बसून पायरीची उंची मोजत होत्या. पाणी जोरात पडतं का, पायऱ्या उंच झाल्या का, उतार माझाच चुकला का, असं स्वतःशीच बोलत होत्या. आलेल्या माणसांना विचारत होत्या, मासळी दिसली का. जो तो म्हणत होता, तात्यांना विचारा. मी पण त्यातच उभा होतो. शेवटी त्यांनी मला विचारलं.

लिंबाखालची सगळी माणसं तिथं होती. मेव्हणा होता. पुतण्या होता. मी म्हणालो, ह्या वर्षी मासळीच कमी हाय.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या वहीचं पुढं काय झालं ते मला उशिरा कळलं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं एक कागद वाचून दाखवला. त्यात असं होतं की ह्या पट्ट्यात मासळीची चढण आता राहिलेली नाही, म्हणून खालच्या बंधाऱ्यांना जिने करण्याचं कारण नाही. मी त्याला परत वाचायला लावलं. चढण राहिलेली नाही. माझ्या तोंडचं वाक्य, फक्त ऑफिसच्या भाषेत. मी एका बंधाऱ्यापुरतं खोटं बोललो होतो असं मला वाटायचं. कागदानं ते खाली सरहद्दीपर्यंत नेलं.

त्या रात्री जेवण झालं नाही. सकाळी बायकोनं धुतलेलं धोतर, सदरा काढून ठेवला होता.  एसटीनं सोलापूरला गेलो, स्टँडवरून रिक्षा केली. ऑफिसात कळलं, बाईंची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांच्या टेबलावर नवे साहेब होते, ते मीटिंगला गेलेले. क्लार्कनं मला खुर्ची दिली. म्हणाला, काय असेल ते लेखी द्या. मी कागद मागून घेतला आणि तिथंच बसून लिहिलं. मी जिन्याची जागा खोटी दाखविली. माझ्या थळाला मासे लागत नाहीत. मासे पलीकडच्या काठाने चढतात. बाईंची चूक नाही. खाली सही केली.

क्लार्कनं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, फाइल बंद झालीये. आता हे कोण उघडणार? आणि असं लिहून दिलंत तर उद्या तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या की. कागद घ्या."

त्यानं घेतला. पोच म्हणून झेरॉक्स काढून तिच्यावर शिक्का मारून दिला. त्याला किती पावसाळे झाले. माझ्यावर काही आलं नाही. कुणीच आलं नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी लिंबाखाली गेलो आणि उभा राहून सांगितलं, पहिल्यापासून. बंधाऱ्यानंतरची पहिली चढण ते वहीतलं वाक्य.  मग सगळ्यांदेखत खडपाशी गेलो आणि धोंडा उचलला. माझ्या बापानं, त्याच्या बापानं शेंदूर लावलेला. जड नव्हता, मला वाटलं होतं जड असेल. रीतीप्रमाणं ते थळ दुसऱ्या घराला द्यायचं होतं. कुणी घेतलं नाही. मेव्हण्याला विचारलं तर म्हणाला, मेल्यालं थळ घिऊन काय करू. सेक्रेटरी म्हणाला, राखणदार पण आता दुसरा बघावा लागेल. मी काठी पुढं केली. ती काठी आज माझ्या पुतण्याकडं आहे.

तेव्हापासून चढणीच्या दिवसांत मी आणि मेव्हणा पलीकडच्या काठाला घमेली घेऊन बसतो. बायकोचे गुडघे गेले, ती येत नाही. गेल्या वर्षी पुतण्या आला. काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, तात्या, बंदी हाय, मासळीला हात लावायचा न्हाय. बरोबर बोलला. नेम तोच आहे, मीच त्याला शिकवलेला. त्याच्या मागं दहा पावलांवर दोघं मच्छरदाणी झटकत होते, तिकडं त्यानं मान वळवली नाही. मी म्हणालो, लिही माझं नाव. त्यानं खिशातून वही काढली आणि खरंच लिहिलं. मग निघून गेला. आम्ही काम चालू ठेवलं.

ह्या वर्षी पाणी आलं, पण आवाज आला नाही. वाम तर एक दिसली नाही. तीन दिवस बसलो तेव्हा कुठं घमेलंभर झाली. त्यात एक कोळशी होती, मोठी, जुनी, पोट भरलेलं, नाक फुटलेलं. ती मी स्वतः वर नेली. पाण्यात सोडून दिली की उताणी होते, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उतरून दोन्ही हातांत धरून ठेवली, तोंड धारेकडं करून. बराच वेळ ती नुसती कल्ले हलवत राहिली. मग शेपटीला जोर आला. हातातून सुटली आणि गढूळ पाण्यात गेली.

काठावरून मेव्हण्यानं विचारलं, "गेली का ओढ्याकडं?"

पाण्यात काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "म्हाईत न्हाय."